खिशातलं क्षेम

पिपरडोह, ता. उमरेड
२० नोव्हेंबर १९७४

चि. मारोतीस वच्छलाताईचे अ. उ. आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तुझे क्षेम कळव.

विशेष, अधिवेशनासाठी तू नागपुरात आलास हे पेपरातून कळलं. आमदाराच्या सख्ख्या बहिणीला एवढाच मान! आमच्या दवाखान्यात आठ महिने डॉक्टर नाही. कंपाउंडर बळीराम कुलूप उघडतो, बाक पुसतो आणि आलेल्या प्रत्येकाला तेच लाल औषध देतो. सूनबाई प्रेमिलाला नववा लागलाय, पाय सुजलेत, डोळ्यांपुढे अंधारी येते. बळीरामला विचारलं तर म्हणतो, मले काय समजते वं बाई, तुमच्या भावालेच विचारा. म्हणून विचारते. खेड्यातल्या दवाखान्यांना नर्स देण्याचं बिल येणार म्हणतात. त्याला हात वर कर, दुसरं काही मागत नाही.

हातमाग एकच चालू आहे, सुताचा पत्ता नाही. जास्त काय लिहू, ताईला विसरू नकोस.

तुझी
वच्छलाताई


आमदार निवास, नागपूर
२७ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. वच्छलाताईस मारोतीचे कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सर्व क्षेम वाचून जीव भांड्यात पडला. बिलाला मात्र माझा विरोध आहे. आज सरकार नर्स पाठवेल, उद्या बाळाचं नावही सरकारच ठेवेल. दुखणं, बाळंतपण ही घराची जबाबदारी, आणि गरिबांसाठी दानशूर माणसं आहेतच. आपल्या आईने सात बाळंतपणं घरी केली, कुठल्या खात्याला विचारलं नाही. प्रेमिलाजवळ तू आहेस, मला काळजी नाही.

उलट तुझ्या पत्राचा मला फार उपयोग होणार आहे. ते जपून खिशात ठेवलंय. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा
मारोतराव


पिपरडोह
६ डिसेंबर १९७४

मारोतीस आशीर्वाद. (ते द्यावेच लागतात.)

मास्तरांनी काल पेपर मोठ्याने वाचला. तू विधानसभेत खिशातून माझं पत्र काढलंस आणि म्हणालास, माझी बहीण खेड्यात राहते, ती स्वतःच्या हाताने लिहिते की सर्व क्षेम आहे. बाकं वाजली, बिल पुढे ढकललं. चावडीवरचे सगळे माझ्याकडे पाहत होते. काहून केलं गा असं?

अरे, क्षेम हा पत्राचा रिवाज! तापाने फणफणलेला माणूसही आधी क्षेमच लिहितो. खालच्या आठ ओळी काय घडीत दडल्या होत्या? आणि आईची सात बाळंतपणं सांगतोस, तर पुढचंही सांग. सातातले आपण दोघे उरलो, आणि सातव्या वेळी आई गेली.

प्रेमिलाला कालपासून भोवळ येते आहे. मला आता तुझा संताप नाही, भीती वाटते.

वच्छला


आमदार निवास, नागपूर
८ डिसेंबर १९७४

ती. स्व. ताईस सा. न.

रागावू नकोस. तू लिहिलंस ते मी खरं धरलं. मतं मतांच्या जागी. सोबत चिठ्ठी आहे. प्रेमिलाला इथल्या सरकारी दवाखान्यात आण, चिठ्ठी दाखव, खाट मिळेल. मात्र कुणाला सांगू नकोस. बिलाला विरोध करणाराच चिठ्ठ्या वाटतो म्हणतील.

तुझा मारोती


नागपूर
१५ डिसेंबर १९७४

चि. मारोतीस आशीर्वाद. प्रेमिला वाचली. मुलगी झाली, रडते तर तुझ्या भाषणासारखी.

तुझी चिठ्ठी चालली. सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, तर चिठ्ठी वाचून एक रिकामी करून दिली. त्या खाटेवर सिंधू नावाची पहिलटकरीण होती. आपल्याच तालुक्यातली, तुझीच मतदार. तिला खाली चटईवर घातलं. मी पाहिलं, आणि गप्प राहून प्रेमिलाला खाटेवर चढवलं. हे माझ्या नावावर राहील.

काल दुपारी सिंधूचं बाळ गेलं. तिची सासू रुख्माबाई हिला लिहिता येत नाही, म्हणून घरी पत्र लिहायला मला बसवलंय. म्हणते, वरती क्षेम लिहाच वं बाई, नाहीतर घरचे घाबरतील. एवढी पत्रं लिहिली, पण आज तो शब्द माझ्या हातून उतरत नाही.

कोरा कागद पुढे आहे, म्हातारी वाट पाहते आहे. तुझ्या निवासापासून रिक्षाने दहा मिनिटं. ये, आणि क्षेम तू लिही.

तुझी ताई