मोटरच्या खोलीची किल्ली

मी, सुदर्शन कारभारी गायके, वय सत्तावन्न, धंदा मोटर रिवायंडिंग (कोणाच्या हाताखाली न राहता शिकलेला), राहणार चिकलठाणा, या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि कोणी गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलणारे आले होते. त्यांचा उल्लेख पुढं येईल. सर्व मिळकत स्वकष्टाची आहे.

१. वेरूळ रस्त्यावरचा प्लॉट. घेतला तेव्हा थोरले बंधू नानासाहेब "सुदर्शननं खडक विकत घेतला" म्हणून गावभर हसले. समोर डांबरी रस्ता झाल्यापासून त्यांना त्या जागेत आमचे वारलेले बाबा दिसतात. बाबा तिथं कधी गेलेच नव्हते. प्लॉट मुलगी तनुजा हिला. तिनं त्याचं एकदाही कौतुक केलं नाही, म्हणून तिच्यावर भरवसा आहे.

२. नानासाहेबांनी नेलेलं ड्रिल मशीन त्यांच्याकडंच राहू द्यावं. परत मागितलं तर तीही बाबांची आठवण निघेल.

३. राहतं घर मुलगा कृष्णा यास, पण अटीवर.

कृष्णा पुण्याहून आला की म्हणतो, "अण्णा, या घरात आई आहे. वर भाडेकरू बघवत नाही. त्यांना जागा खाली करायला सांगा." मागच्या खेपेला तो हे बोलत असताना त्याचा एक मित्र टेप लावून घराची समोरची बाजू मोजत होता. मित्रानं आईचा हार घातलेला फोटो पाहिला नाही, रस्त्याची रुंदी विचारली.

वर गोजरबाई राहतात, फॉल-पिको करतात. त्यांच्यावरही माझी नजर आहे. उन्हाळ्यात मी दवाखान्यात असताना कृष्णाचा फोन आला, "अण्णा, घराचे कागद कुठं ठेवलेत?" गोजरबाईंचाही आला, "दादा, आज नळाची पाळी हाय, मोटरच्या खोलीची किल्ली कुठंय?" इथं पाळी चुकली की टँकरवाल्याचे पाय धरावे लागतात. मला दोन्ही फोनचा संशय आला. घरी आलो तर टाकी भरलेली, गळका वॉल्व बदललेला. आता भाडं कमी करून मागतील म्हणून वाट पाहिली. अजून मागितलं नाही. इतकं कोण फुकट करतं?

याचा उलगडा होईपर्यंत अट अशी: वरचा मजला गोजरबाईंना हयातभर, आजच्याच भाड्यानं. त्या राहतात तोवर घर विकू नये, गहाण टाकू नये. मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडंच राहील. यात भावनेचा संबंध नाही. पाण्याची पाळी सांभाळणारा भाडेकरू या शहरात मिळत नाही. कृष्णाला आई खरंच दिसत असेल तर खालची खोली रिकामीच असेल. त्यानं येऊन राहावं.

४. ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये, हे मी वकील न लावता स्वतः वाचून काढलं आहे. वरचं कलम लिहीत होतो तेव्हा गोजरबाई चहा घेऊन आल्या.

"दादा, साक्षीदार लागतेत ना? मी करते की सही."

"नको."

"इतकी वर्षं राहिले, अन् माझ्यावर एवढाबी विश्वास नाय?"

"नाय," मी म्हणालो. कारण सांगितलं नाही. चहा आपटून गेल्या.

माझ्यामागं हा कागद वाचाल तेव्हा त्यांना खाली बोलवावं, आणि हे चौथं कलम सर्वांत आधी वाचावं.

मी दोघांच्या देखत सही केली, दोघांनी माझ्या देखत केली.

लिहून ठेवणार: सुदर्शन कारभारी गायके
साक्षीदार: १) आप्पासाहेब वाकळे, शेजारी २) हनुमान साबळे, किराणा दुकानदार
ठिकाण: चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५