पोटात चाकं

३ नोव्हें., लातूर
राष्ट्रसंरक्षणाच्या कामी आज माझा बाक आला. कॉलनीच्या बागेतला, लिंबाखालचा. सकाळचा पेपर त्याच्यावरच. आता तिथे खांब. खांबावर निवृत्त मिग-एकवीस बसवणार, इति उद्यान समिती. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाला थांबायला नेमकी माझीच जागा सापडली.

५ नोव्हें.
शेजारचे सोनकांबळे मामा घडीची खुर्ची घेऊन दारात. "बाक गेला म्हनं तुमचा. ही घ्या. पर वापस द्या बरं, सर."
मामा शिरूर अनंतपाळचे. हवाई दलात मिगची चाकं-ब्रेक सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली. एकाहत्तरच्या लढाईत अगदी नवे. उतरलेल्या विमानाचे टायर गरम असतानाच बदलून ते परत वर पाठवायचे. गावात अजून त्यांना पायलटच म्हणतात. "न्हाई म्हनून थकलो. आता उडायलोय."

११ नोव्हें.
विमान आलं. क्रेनने चढवलं, नाक आभाळाकडे, आणि लगेच ताडपत्रीत गुंडाळलं. उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते. पाहुण्यांची तारीख मिळेना. फाटकाला कुलूप. मामा गजांतून बघत होते. "शेपूट बी दिसंना की वो."

१९ नोव्हें.
मामांसोबत नांदेड. डोळ्यांचे डॉ. काचबिंदू. डावा गेलाच. उजव्यात थेंब टाकत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. उजवा किती टिकेल ते...
येताना एस.टी.त मामा, अहमदपूर मागे पडल्यावर एकदाच, "सर, विमानाची तारीख कवा हाय?"

२० नोव्हें.
समितीच्या अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, म्हाताऱ्याला पाच मिनिटं बघू द्या, नजर चाललीय. "आधीच बघितलं तर उद्घाटनाला अर्थ काय उरला?" बिनतोड. नंतर बघायला मामांजवळ काय उरेल, हा विषय अजेंड्यावर नाही.

२४ नोव्हें.
सकाळीच मामांना घेऊन बागेत. खुर्चीही घेतली. वॉचमन बालाजी कुलपाशी उभा. "सर, कुनालाच दाखवू नका म्हनलेत." मग मामांच्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिला. कुलूप काढलं. "मी च्या पिऊन येतो. लई लांब जातो."
रंगाऱ्यांची परांची अजून तशीच. ताडपत्रीची गाठ मी सोडली. मामा परांचीवर, मी मागून धरून. चष्मा काढून उजवा डोळा पत्र्याला टेकवलाच जवळजवळ. मग तळहात फिरवू लागले.
तेव्हा माझ्या लक्षात आलं. उडत्या ऐटीत बसवलंय, म्हणून चाकं पोटात, वरून झाकण बंद. माणसाने जन्मभर चाकं केली, आणि... म्हणालो, "मामा, नेमकी चाकंच लपवली की वो यांनी."
त्यांचं बोट झाकणाच्या फटीवर थांबलं. फटीवरून सावकाश पुढे गेलं, परत आलं.
"लपवली न्हाईत. आत घेतलीत. उडताना चाक दिसलं, तर आमचं काय तरी चुकलं म्हनायचं."
खाली उतरून खुर्चीत बसले, बाक होता तिथेच. बालाजी खरंच लांब गेला होता.

२ डिसें.
पाहुण्यांची तारीख नाही. गाठ मला नीट मारता आली नव्हती. ताडपत्रीचा एक कोपरा विमानाचं पोट उघडं टाकून लोंबतोच आहे, समितीत कुणाला दिसलेला नाही. मामांचा उजवा काल धूसर, आज बरा.
खुर्ची बालाजीच्या खोलीत नेऊन ठेवली. मामा आले की कोपऱ्याखाली मांडायची, एवढं त्याच्याशी ठरलं. घरी हिने विचारलं, खुर्ची कुठाय? म्हटलं, वापस केली.
पेपर उभ्यानेच वाचतो.