कुरण मोकळं झालं

४ एप्रिल

आज आणखी एक सापडला! ओढ्याच्या काठाला, मुळांच्या जाळ्यात. गंजलेला, पण जिवंत! पोटावर पडून, सळईनं माती उकरत तासभर — मान आखडली, हात मात्र तस्सा स्थिर. मग सगळ्यांना मागे हटवून जागच्या जागी उडवला. पथकातले म्हणतात, बाई, तुम्हाला भीती म्हणून ठाऊकच नाही. ठाऊक आहे हो! कामाच्या वेळी तिला जवळ फिरकू देत नाही, एवढंच.

जुन्या लढाईतले भूसुरुंग काढत आयुष्य चाललंय, पण हे कुरण सगळ्यांत चिवट. आता वरचा एकच पट्टा उरला.

६ एप्रिल

मी ज्यांच्याकडे राहते त्या मावशी आज चक्क बोलत्या झाल्या. त्यांचे यजमान याच कुरणात सुरुंगावर पाय पडून गेले — तेही लढाई संपल्यावर, वासरू शोधताना. एवढंच सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. मला भरून आलं.

मग विचारलं, लढाई सुरू कशी झाली? पुस्तकांत मोठमोठी कारणं दिलीत — सीमावाद, करारभंग, काय न् काय. मावशी फणकारल्या, ‘कसला डोंबलाचा करार! त्यांची गाय आमच्या गवतात शिरली.’ गाईवरून काठ्या, काठ्यांवरून चौकी, चौकीवर गोळी. मग दोन्हीकडचे फौजफाटे आले आणि जाताना हे पेरून गेले.

९ एप्रिल

ओढ्यापलीकडचे मास्तर भेटले. पलीकडचे म्हणजे तेव्हाचे शत्रू! बोलायला इतके गोड की कुणी म्हणणार नाही. त्यांनाही तेच विचारलं. ‘गाय आमचीच हो,’ म्हणाले, ‘पण गवतही आमचंच होतं की!’

हसून हसून पोट दुखलं. घरी येऊन मावशींना सांगितलं, त्या काही हसल्या नाहीत.

१५ एप्रिल

संपलं!! वरचा पट्टा पुन्हा तपासला. यंत्र गप्प. छाती ठोकून सांगते — आता इथे तान्हं मूल सोडलं तरी चालेल.

१६ एप्रिल

कुणी पाऊल टाकेना! मी मधोमध उभी राहून ओरडतेय, ‘या की!’ — आणि दोन्ही गावं कुरणाच्या आपापल्या काठावर ढिम्म. तिकडून मास्तरांनी लांबूनच हात हलवला. ही माणसं आलीच नाहीत तर ते मोकळं कुरण काय चाटायचंय? दोन्ही गावांत पुन्हा ये-जा व्हावी म्हणून तर एवढा खटाटोप.

पण आमच्या कामात एक रीत आहे. जमीन ज्यांनी साफ केली, त्यांनी आधी तिच्यावर स्वतः खेळून दाखवायचं. उद्या फुटबॉल.

१७ एप्रिल

काय दिवस! पथक अनवाणी खेळलं. मी गोलकीपर — या वयात! पहिला अर्धा खेळ नुसते प्रेक्षक. मग मास्तरांनी विजार दुमडली आणि आले धावत. त्यांच्यामागे त्यांचं गाव, मग आमचं. कोण कुणाच्या बाजूनं खेळतंय, काही पत्ता नाही!

शेवटी मावशी आल्या. चपला काठावर काढून, सावकाश. एका जागी थांबल्या, खाली बसल्या, गवतावरून हात फिरवला. मी ढसाढसा रडले. तेवढ्यात गोल झाला. होऊ दे!

१८ एप्रिल

यांचा फोन — आता तरी घरी ये. येते म्हटलं, आवराआवर चालू आहे. आणि म्हटलं, लढाई मुळापासून उपटता येते, लोक उगाच ‘येत नाही’ म्हणतात. सळई हवी आणि धीर हवा. ‘झालं तुझं भाषण?’ म्हणाले. झालं!

२१ एप्रिल

मास्तर मोजपट्टी घेऊन आले. शाळेला मैदान करायचं म्हणे — किती छान! पण आमच्या काठावर माणसं जमली. ‘मोजायचं कुणाला विचारून?’ आवाज चढले, दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मी मध्ये घुसले, दोघांना दमात घेतलं. मास्तर मोजपट्टी गुंडाळून, मान खाली घालून गेले.

मिटेल. एकत्र खेळलेली माणसं आहेत, चार दिवस फुरंगटतील आणि येतील ताळ्यावर. मला खात्री आहे.

२२ एप्रिल

मावशी स्वतः चहा घेऊन खोलीत आल्या. दार लोटलं. माझा हात हातात घेतला, किती प्रेमानं! म्हणाल्या, ‘पोरी, आज मोजायला आले, उद्या घरात शिरतील. जायच्या आधी आपल्या काठानं थोडे सुरुंग परत पुरून दे ना. जागा तुला ठाऊकच आहेत.’