जकातघराच्या गच्चीवरची तीन बटणं

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,

अनेक आशीर्वाद. ‘उत्तम’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे.

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी, संध्याकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी, तुझ्या गावातल्या जुन्या जकातघराच्या गच्चीवर, बेचाळीस माणसांसमोर तू खोटं बोललास. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली. सत्कारात मिळालेल्या घड्याळात नव्हे, ते मागे पडतं.

सत्कार कसला, तर आमच्या एक्स-रेवाल्यांची परिषद होती, बंदरावरच्या त्या गोदामाचं सभागृह केलंय ना, तिथे. निवृत्तांना व्यासपीठावर बोलावून हातात घड्याळ दिलं. आता त्याचा आम्हाला काय उपयोग हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात ‘आकाशदर्शन’ होतं. तिथे तू असशील हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. पण माहीत होतं. चष्मा दोनदा पुसून आले होते.

तुम्ही तिथे तो लाल दिवा लावता, त्यात बाकीच्यांना शेजारचं माणूस ओळखू येत नव्हतं. मी चौतीस वर्षं डार्करूमच्या लाल दिव्यात काढली आहेत. तू मला स्वच्छ दिसलास. पोट सुटलंय. जिना चढताना उजवा गुडघा धरतोस, त्याचा फोटो काढून घे.

आता खोटं. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांवर तू तुझा तो हिरवा किरण मारलास आणि म्हणालास की इथले खलाशी गेली तीनशे वर्षं यांना ‘तीन बटणं’ म्हणतात. लोक ‘वा’ म्हणाले. एका बाईंनी वहीत लिहून घेतलं. खाली दारात जे पत्रक वाटतात त्यातही ते छापलंय, खलाशाच्या चित्रासकट.

तीनशे वर्षं? छप्पन्न! आणि कुठले खलाशी? ते नाव तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या, पोलकी आणि परकर शिवणाऱ्या आपल्या आईने ठेवलं. नुसती होडी पाहून तिला मळमळायचं. तिची वस्तू तू उचललीस आणि परक्या माणसांच्या खिशात घातलीस.

आई गेल्यावर आपल्यात जे झालं तो विषय वेगळा आहे, तो यात आणू नकोस. मी फक्त खुलासा मागते आहे. लेखी. २८ फेब्रुवारीच्या आत.

तुझ्यावर लोभ आहे की नाही हे तुझं उत्तर वाचून ठरवीन.

ताई

शनिवार, २२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर बघितलं. अर्धा तास ते चहाच्या कपाला टेकवून ठेवलं होतं. चहा गार झाला, मग उघडलं.

म्हणजे तिसऱ्या रांगेतून ‘पुरावा काय?’ असं ओरडली ती तूच! मनात म्हटलं, आवाज तर ताईचा, पण ताई मरेल तरी माझ्या कार्यक्रमाला येणार नाही. दिवे लागल्यावर तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती घडी करून ठेवताना बराच वेळ हातात धरून उभा होतो.

खुलासा असा. पहिल्या वर्षी मी नुसतंच ‘याला आम्ही तीन बटणं म्हणतो’ असं म्हणायचो. पर्यटन कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? गाव ऐतिहासिक आहे, लोक लांबून इतिहास बघायला येतात. मला ‘माझी आई, परकर शिवायची’ एवढं म्हणता आलं नाही. समोर परिषदेला आलेले डॉक्टर, प्राध्यापक, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे. हसतील असं वाटलं. म्हणून खलाशी म्हणालो. साहेब खूश झाले, तीनशे वर्षं त्यांनीच घातली. लाज वाटली म्हणून खोटं बोललो, ताई. दुसरं कारण नाही.

तू नको म्हणालीस तो विषय आणतोच. आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी आलो आणि दारात तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “आता आलास? आई काय ग्रहण होती, तुझ्या वेळापत्रकात बसायला?” मी पिशवी खाली न ठेवता परत फिरलो. आकाशदर्शनाचा मोसम भरात होता. आई फोनवर म्हणाली साधा खोकला आहे, आणि ते खरं मानणं मला सोयीचं होतं.

तुझे दोन्ही गुडघे कसे आहेत? माझ्या एकाला हसू नकोस.

लोभाचा निर्णय लवकर कळव.

तुझा
चिमण्या (वय वर्षे साठ)

सोमवार, २४ फेब्रुवारी (कार्ड)

ती. ताईस,

सा. न. पाकीट टाकल्यावर आठवलं. तू बोर्डिंगात गेल्यावर आई रोज सातला मशीन थांबवायची आणि मला हाताला धरून गच्चीवर न्यायची. तिन्ही बटणं दिसेपर्यंत उभी. दिसली की म्हणायची, “लागली. चल खाली.” उन्हाळ्यात दिसेनाशी झाली की सांगायची, धुवायला टाकलीत. एकदा मला ताप होता तर चादरीत गुंडाळून नेलं. ढग असले तर जास्तच वेळ थांबायची, का ते मला कधी कळलं नाही. मला वाटायचं ती मला तारे शिकवते आहे. माझं सगळं पोटपाणी त्यातनंच आलं. एवढंच.

चि.

रविवार, २ मार्च

चि. चिमण्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड दारातच उभ्याने वाचलं. पोस्टमन विचारत होता, बाई, काही वाईट बातमी का? मी त्याला म्हटलं, तुमचं काम पत्र द्यायचं. बिचारा गेला. उद्या त्याची क्षमा मागायला हवी.

आता माझा खुलासा. पहिल्या पत्रात मी आईची वस्तू म्हटलं, ते अर्धंच खरं होतं. ती बटणं माझी आहेत.

मी दहा वर्षांची होते. नन्सच्या शाळेत वर्षाच्या मध्येच, ऐन थंडीत जागा मिळाली, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आईने गणवेशाला शेवटची तीन बटणं लावली आणि मी रडायला लागले. ती मला वर गच्चीत घेऊन गेली. तू तिच्या खांद्यावर झोपला होतास, लाळ गाळत. तिने वर बोट दाखवलं आणि म्हणाली, “ही बघ तुझी बटणं. रोज सातला मी इथनं बघीन, तू तिथनं बघ. दोघी एकाच ठिकाणी बघतोय म्हणजे जवळच आहोत.”

बोर्डिंगची खिडकी उत्तरेला होती. मृग उत्तरेला दिसत नाही, हे तुला मी सांगायला नको. सातला आम्ही अभ्यासिकेत, पडदे ओढलेले, सिस्टर दारात. सहा वर्षांत तिथून मी ती बटणं एकदाही पाहिली नाहीत. आणि सहा वर्षं दर रविवारच्या पत्रात सुवाच्य अक्षरात लिहिलं, “आई, रोज बटणं बघते.” तिला वाईट वाटू नये म्हणून सुरुवात केली, मग सोडवेना. आपल्या घरात पहिलं खोटं तू बोललेला नाहीस.

तीही बघत नसेल असं मी मानून टाकलं होतं. एवढी शिवणं पडलेली, तिला कुठला वेळ! कधी विचारलं नाही, कारण मी विचारलं असतं तर तिनेही मला विचारलं असतं. ढगाळ दिवसांतही मी ‘बघते’ असंच लिहायचे. ती जास्त वेळ का थांबायची ते आता तुला कळलं असेल. मला दिसतंय आणि तिला दिसत नाही, असं तिला वाटत होतं.

दारात मी जे बोलले ते मागे घेते. साधा खोकला आहे असं तिने मलाही सांगितलं होतं. मी तर शेजारच्या खोलीत होते, आणि माणसांच्या छातीचे फोटो काढण्यात माझा जन्म गेला. राग माझा माझ्यावर होता, तू दारात सापडलास.

पत्रकातले खलाशी काढून टाक. ‘शिवणकाम करणाऱ्या एका बाईने आपल्या मुलीला दाखवले’ एवढं लिही. नाव घालू नकोस, तिला आवडलं नसतं. साहेबांना काही म्हणायचं असेल तर माझा पत्ता दे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला तिकडे यायचं आहे. परिषद नाही, सत्कार नाही. सातला त्या गच्चीवर तुझ्या शेजारी उभं राहायचं आहे. हॉटेलात राहणार नाही, तुझ्याकडे जागा असेल तरच येईन. जमिनीवर झोपता येत नाही हे आधीच सांगून ठेवते.

ये म्हण किंवा येऊ नकोस म्हण, पण कागदावर. फोन करायचा नाही. फोनवर माझ्याच्याने नीट बोलवणार नाही आणि ते तू ऐकावंस हे मला मान्य नाही. लेखी उत्तर शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी पाचच्या टपालापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. मुदत वाढवून मिळणार नाही. चार वर्षं दिली आहेत.

ताई