समोरून उत्तर येईना

तुम्ही शिकलेली माणसं काय काय करून ठेवता ते आधी ऐक, तब्येत मग विचारते.

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद. तू बरा असशीलच. बिघडला असतास तर आईला फोन आला असता. (टोमणा वाटला ना? टोमणाच आहे.)

तर आमच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर बसवलाय. कुणाला बिनमिठाचं, कुणाला पातळ, हे पूर्वी सिस्टर वॉर्डातून ओरडून सांगायची, मी उलटं ओरडून विचारायचे, संपलं. आता ती सगळी माहिती पलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या मशीनमध्ये असते. आपण खाटेचा नंबर दाबायचा, तिकडून उत्तर आलं की इकडे चिठ्ठी छापून निघते. चिठ्ठी नाही तर ताट हलवायचं नाही, असा वरून हुकूम.

सोमवारी मधलं नेटवर्क गेलं. पडद्यावर ‘कृपया थांबा’ आणि ते गोल गोल फिरणारं चक्र. थांबलो. ताटं वाढलेली, सुपावर साय धरलेली, वॉर्डातून एकेक जण येऊन आमचा उद्धार करून जातोय, आणि आमच्या सुपरवायझर बाई त्या चक्रापुढे अशा उभ्या की आता त्यातून कुणी प्रसन्नच होणार. मला कुठला दम निघतोय! वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवरच्या मास्तरांना मधुमेह, ते उपाशी, म्हणून मी त्यांच्या खाटेचा नंबर दाबत सुटले. बाई म्हणाल्या, “अहो, बटण आहे ते, कणीक नाही!” तरी दाबलाच.

मग दुरुस्तीवाला उगवला. म्हणतो कसा, “मावशी, तिकडची लाइन गेलीय, पण ह्याला ते कळलेलंच नाही. किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं, तो टाइमआउट लिहिणाऱ्यानं घातलाच नाही.” म्हटलं, म्हणजे हा जन्मभर फिरत बसणार? तर म्हणे हो, कुणी बंद करेपर्यंत. मर्यादा घातली असती तर मिनिटाच्या आत ‘उत्तर नाही’ म्हणाला असता, आणि आम्ही सिस्टरला विचारून हातानं चिठ्ठ्या लिहून मोकळ्या झालो असतो.

तेवढ्यात नेटवर्क आलं. मी दाबलेलं सगळं कुठेतरी रांगेत उभं होतं म्हणे, ते एकदम सुटलं. मास्तरांच्या नावाच्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. आणि ताटं नेणारी बाई हुकमाची इतकी ताबेदार, की तिनं चिठ्ठीगणिक एक ताट नेऊन मास्तरांच्या खाटेभोवती मांडलं. मास्तरांनी ताटं मोजली. मग हळूच विचारतात, “एवढं का वाढताय? डॉक्टर काही बोललेत का?” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मास्तर हसले नाहीत रे. त्यांचा हात धरून बसावं लागलं.

आता टाइमआउट घातलाय. कॉम्प्युटर सरळ म्हणतो, संपर्क होत नाही. एकदा कळलं की माणूस पुढचं बघतो. तूही असलेच प्रोग्राम लिहितोस म्हणून सांगते, हे विसरत जाऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. – आई बरी आहे असं वर लिहिलेलं नाही, कारण ती बरी नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात शुक्रवारी कापू, त्यापुढे हात लावण्यात अर्थ नाही. पण आई ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही. म्हणते, “धाकट्याला येतोस का विचारलंय, तो बघतो म्हणालाय.” तू ‘बघतो’ म्हणून फोन ठेवलास त्याला किती दिवस झाले? मी बोलले तर माझ्यावरच डाफरते, “बिचारा कामात असेल, तुला कसली घाई!”

आणखी एक – येत असलास तर उत्तम. नसलास तर ‘येत नाही, सही कर’ एवढंच लिही, कारण देऊ नकोस. मी तिला वाचून दाखवीन. ती रडेल, मला दोन शिव्या देईल, आणि सही करील. गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे.