झोपलेला बार

बाबा, जयभीम.

किल्ला बघायला जाते म्हणून घरातून निघाले, पण आले तुमच्या बंद पडलेल्या खदानीत. फोटो काढायचे होते. इथं रेंज न्हाई, म्हणून हे तुमाला पोचणार न्हाई.

खडकात एक भोक दिसलं, भोवती पांढऱ्या ऑइलपेंटचं फिकट कडं. कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय त्यात बरोबर बसला, तवा लई बरं वाटलं. मग तुमी आठवले. सुरुंग उडला न्हाई की तुमी असंच कडं काढायचे अन् म्हणायचे, "बार मेला म्हणू नये. झोपलाय म्हणावं."

स्टँड तिथंच सोडून मी दगडाआड पळाले. तेवढ्यात टेकाडावरून शेरडं उतरायला लागली, मागं एक म्हातारी. तुमच्या ज्या हाकेला मी हसायची, तीच दिली, "बार हाय, बाऽऽर!"

म्हातारीला हाक ठाऊक होती. ती जागीच खाली बसली. शेरडंही थांबली.

एक करडू थांबलं न्हाई. ते स्टँडचा पट्टा तोंडात धरून ओढतंय.

एका हातानं लिहितेय, दुसरा कानावर हाय.

तुमची,
चैताली