ओळखीचा आवाज

ताई,

तुमचा नाव-पत्ता मला कुणी सांगणार नाही. तुम्ही जन्म दिलेली लेक मी दत्तक घेतली. आली तेव्हा रडून घर डोक्यावर घ्यायची; माझे सगळे उपाय थकले. एकदा तिला घेऊन पडदे शिवायला टाकायला गेले. शिंपीणकाकूंनी मशीन सुरू केलं आणि ही गप्पच! डोळे विस्फारून ऐकत राहिली.

तिच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, पोटातलं बाळ ऐकतं. हा आवाज तिच्या ओळखीचा असेल."

म्हणजे तुम्ही मशीनवर बसायचात आणि हा एवढासा जीव आत, अंधारात, तुमचं काम ऐकत वाढत होता!

मी जुनं मशीन आणलंय. मला सरळ टीपही मारता येत नाही. तरी रोज चालवते, कापडाशिवाय. त्या आवाजात ती तुमच्याजवळ झोपते.

तुमच्या लेकीची आई